दुसरी घागर

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे तीनदा लेख मागितला आणि तिन्ही वेळा मी त्यांना बकरीचीच गोष्ट लिहून दिली. पहिल्या वर्षी त्यांनी ती छापली, दुसऱ्या वर्षी थोडी कापून छापली, तिसऱ्या वर्षी फोन केला. "पास्टरसाहेब, तुमची बकरी आता म्हातारी झाली. दुसरं काही नाही का?"

दुसरं आहे. ते सांगायचं नव्हतं म्हणून तर मी दर वेळी बकरी पुढे करत होतो. आता मला शहात्तरावं चालू आहे. टाळायला पुढे फारशी वर्षं नाहीत.

पन्नाशीला आलो होतो तेव्हा मी पुन्हा विद्यार्थी झालो. वाशिममधल्या आमच्या छोट्या मंडळीचा मी पाळक होतो. मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्चची माणसं. बाहेरच्यांना मात्र 'माझी मंडळी' म्हटलं की बायकोच आठवते, आणि आमची संख्या पाहता दोन्ही अर्थांत फार फरक नव्हता. दूरच्या एका धर्मविद्यालयानं त्या सुमारास एक पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. विषय होता, शहरी वस्त्यांमधली ख्रिस्ती सेवा. वर्षातून दोनदा तिकडे जाऊन तीन-तीन आठवडे व्याख्यानं ऐकायची. उरलेले दिवस आपल्या शहरातली एक वस्ती धरायची, तिथे काम करायचं, दर आठवड्याला नोंदी लिहून पाठवायच्या आणि तिसऱ्या वर्षी प्रबंध सादर करायचा. पुस्तक आणि पायवाट यांची सांगड, असं त्यांचं म्हणणं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "वाशिम हे शहर आहे का?" म्हटलं, "जिल्ह्याचं ठिकाण आहे, सर. जिल्हा नवा कोरा आहे." ते हसले आणि मला प्रवेश मिळाला. हे मी वस्तीत वत्सलाबाईंना सांगितलं तेव्हा त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून चहूकडे पाहू लागल्या. "शहर? कुठं हाय? मले बी दाखवा ना पाश्टर. मी इथं सोळा वर्सांपासून राहून राह्यली, मले तं दिसलं नाई."

या वत्सलाबाई म्हणजेच माझ्या न लिहिलेल्या लेखाचं कारण.

वस्ती रेल्वेच्या रुळांपलीकडे होती. पत्र्याची घरं, मधून एक नाली, कडुनिंबाची दोन झाडं. वत्सलाबाई एका डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायच्या. घरी त्या आणि त्यांची मुलगी संगीता, दोघीच. नवरा अपघातात गेला, असं वस्तीला ठाऊक होतं. अख्खी वस्ती त्यांना मावशी म्हणे. कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले, कोणाच्या घरात अबोला चालू आहे, कोणत्या दारात जाऊ नये, हे सगळं त्यांच्याकडून कळे. माझ्या प्रबंधात 'स्थानिक नेतृत्व' नावाचं वीस पानांचं प्रकरण आहे. त्या वीस पानांचा अर्थ एवढाच, की मावशीला विचारा.

मी पहिल्या दिवशी बायबल घेऊन गेलो होतो. चौथ्या दिवशी लक्षात आलं की लोकांना माझं बायबल नको, चष्मा हवा आहे. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेचे दाखले, रेशनकार्डाचे अर्ज, कोणाच्या भावाचं सुरतेहून आलेलं पत्र. वाचून दाखव, लिहून दे, सोबत चल. शहरी सेवा म्हणतात ती बहुतेक एवढीच असते. बाकीचं पुस्तकात असतं. एक रिक्षावाले गृहस्थ दर गुरुवारी तेच औषधाचं पाकीट घेऊन यायचे आणि मी तेच वाचून दाखवायचो, दिवसातून दोन, जेवणानंतर. महिनाभरानं मी म्हटलं, "आता तर तुम्हाला पाठ झालं असेल." ते म्हणाले, "पाठ तं पहिल्याच दिवशी झालं. पन तुमी वाचून सांगता तवा गोळी लागू पडते."

आणि बकरी. आता ती चौथ्यांदा येते आहे, पण दोनच ओळींत. एका आजीची बकरी हरवली, तिनं मला प्रार्थना करायला लावली, आणि आमेन म्हणायच्या आत बकरी दारात उभी. त्यानंतर सहा महिने मी 'बकरीवाला पाश्टर' होतो. वत्सलाबाई म्हणायच्या, "लोकं देवाले मानतात म्हून नाई, बकरी भेटली म्हून तुमाले चहा देऊन राह्यले. देवाचं नाव खराब करू नोका, दुसरी बकरी हरवली तं कठीन होईन."

त्या हिंदू होत्या, हिंदूच राहिल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बजावलं होतं, "मले तुमच्या देवाबद्दल सांगायचं असन तं सांगा, मी आयकीन. पन माह्या देवाची बदली होनार नाई." मी कबूल केलं. तीन वर्षांत हा करार आम्ही दोघांनीही मोडला नाही. मोडला तो दुसराच.

नोंदी ठेवायची आमची एक पद्धत होती. ज्या कुटुंबाशी जवळून काम चालतं, त्याला 'केस' म्हणायचं आणि क्रमांक द्यायचा. एकदा माझी वही त्यांच्या ओट्यावर राहिली. संगीता तेव्हा अकरावीत होती. तिनं वरचं नाव वाचून दाखवलं, केस क्रमांक चार, वत्सलाबाई. मी परत आलो तर मायलेकी हसून हसून लाल.

"पाश्टर, केस म्हंजे? डोक्शावरचे का कोर्टातली?"

म्हटलं, "ज्या माणसाचा आपण जवळून अभ्यास करतो, त्याची केस."

"म्हंजे मी तुमची केस होय? अन् तुमी माहे कोन? वकील?"

"वकील म्हणा हवं तर."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "वकील पोटातली गोष्ट बाहेर काढत नाई."

दुसऱ्या वर्षीच्या आखाजीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. आमच्या भागात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून मांडतात आणि नैवेद्य दाखवतात. वत्सलाबाईंच्या घरी दोन घागरी होत्या. एक सासू-सासऱ्यांची, असं त्या म्हणाल्या. दुसरी लहान होती, तिच्या गळ्याला हिरवं सूत बांधलेलं होतं. वस्तीत अशी दुसरी घागर कोणाकडे नव्हती. संगीता म्हणाली, "ती आईच्या बहिणीची आहे. मी पाहिलं नाही तिला कधी."

"पानी घाला ना पाश्टर तुमी बी," वत्सलाबाई म्हणाल्या.

मी अवघडलो. पितरांची पूजा आमच्यात होत नाही, असं काहीतरी पुटपुटलो.

"पूजा राहू द्या. तहानेल्याले पानी बी चालत नाई का तुमच्या येसूले?"

मी हसून वेळ मारून नेली. त्या रागावल्या नाहीत. मला खुपत मात्र राहिलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी गेलो तर त्या एकट्याच होत्या. पुढ्यात सुपात तूरडाळ. मिलमध्ये दिवसभर डाळ निवडून घरी पुन्हा तेच, कारण हाताला दुसरं काही सुचत नाही म्हणायच्या. मीही समोर बसून खडे वेचू लागलो. सुपातून नजर न काढता त्यांनी सांगितलं.

नवरा मेलेला नव्हता. त्यांना मूल होईना म्हणून रिसोडकडच्या त्यांच्या गावी नवऱ्यानं दुसरी केली. लीला तिचं नाव. वयानं वत्सलाबाईंपेक्षा बरीच लहान. "सवत असून बी वाईट नोती हो. मले ताई म्हने. रात्रंदिन मांगं मांगं फिरे." लीला बाळंतपणात गेली. मागे मुलगी राहिली. घरात कोणी तिच्याकडे बघेना.

"तो मनला, या पोरीचं मी काय करू? मी मनलं, आन इकडं. अन् जे निंगाली, ते इथंच येऊन थांबली."

खडा बाजूला टाकून त्या पुढे म्हणाल्या, "संगीताले मालूम नाई. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मीच सांगनार हाय. हळद लावताना. तवर कोनाले सांगू नोका पाश्टर."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

हे शब्द मी उच्चारले होते. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला पटवत राहिलो की मी फक्त मान हलवली होती. नाही. मी बोललो होतो.

प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता. आमच्या मार्गदर्शकांचा धोशा होता की नुसती माहिती नको, एखादं असं आयुष्य दाखवा ज्यात सुवार्तेचा, म्हणजे येशूच्या संदेशाचा, अर्थ वस्तीच्याच भाषेत उलगडतो. माझ्याकडे ते आयुष्य होतं. सवतीचं लेकरू छातीशी धरून घर सोडणारी बाई. मी स्वतःला समजावलं, त्यांनी 'सांगू नका' म्हटलं, 'लिहू नका' म्हटलं नाही. शिवाय इंग्रजी. रुळांपलीकडे इंग्रजी प्रबंध कोण वाचणार? नाव बदलून कमला केलं आणि एका बैठकीत अकरा पानं लिहिली. ती अकरा पानं आजही मला माझ्या हातून झालेलं सर्वांत चांगलं लिखाण वाटतात. गुन्हा मन लावून केला होता, एवढाच त्याचा अर्थ.

माझी पत्नी सुशीला शाळेत इंग्रजी शिकवायची. कच्ची प्रत तिनंच तपासली. ती पानं वाचून चष्मा काढून बसली. "तिला विचारलंत ना?"

मी म्हटलं, "हो."

पुढे प्रस्तावनेत मी छापलं, 'सर्व कुटुंबांच्या पूर्ण संमतीने.' आज इथे नोंद दुरुस्त करतो. संमती नव्हती. मी विचारलंच नव्हतं. विचारलं तर त्या नाही म्हणतील, हे मला ठाऊक होतं.

प्रबंधाला विशेष श्रेणी मिळाली. मंडळीला अभिमान वाटला, वस्तीला त्याहून जास्त. एका रविवारी उपासनेनंतर गौरव समारंभ ठरला. वस्तीतली तीस-चाळीस माणसं नवे कपडे घालून चर्चमध्ये आली. जेवणाचा तांदूळ वत्सलाबाईंनी स्वतः निवडला होता. संगीता तेव्हा नर्सिंगला होती, ती वसतिगृहातून मुद्दाम आली होती. वस्तीत आम्ही काढलेल्या पत्र्याच्या अभ्यासिकेची ती पहिली विद्यार्थिनी. मायलेकी दुसऱ्या रांगेत बसल्या. शाल झाली, नारळ झाला. धर्मविद्यालयाहून आलेल्या पाहुण्यांनी टेबलावरचा प्रबंध उचलला, आधीच खूण घातलेलं पान उघडलं आणि म्हणाले, "हे पान मी तीनदा वाचलं. पास्टर, यांना मराठीत सांगा. या वस्तीचंच आहे ना हे?"

त्या क्षणी मी दुसरं पान काढू शकलो असतो. घसा बसला म्हणू शकलो असतो. पण समोर माणसं भरलेली होती, खांद्यावर शाल होती, आणि मला ते पान वाचून दाखवायचं होतं. मी वाचता वाचता मराठी करत गेलो. कमला नावाची एक आई. कमलाची सवत. सवतीची तान्ही मुलगी. इथवर ते कोणाचंही होतं. मग वाक्य आलं की दर वर्षी ती सवतीच्या नावानं एक भांडं पाण्यानं भरते. इंग्रजीत ते 'सेकंड पॉट' होतं, जगातल्या कुठल्याही घरातलं असू शकेल असं. माझ्या तोंडून मराठी बाहेर पडलं, "आखाजीला ही आई दुसरी घागर मांडते. लहानशी. तिच्या गळ्याला हिरवं सूत बांधते."

त्या एका शब्दानं गोष्ट आपल्या घरी परत गेली. संगीतानं आईकडे पाहिलं. आई स्वतःच्या हातांकडे पाहत होती. बाकीच्यांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. संगीता उठली तेव्हाही त्या चालूच होत्या.

आमच्या चर्चमध्ये साक्ष देण्याची पद्धत आहे. ज्याला वाटेल त्यानं उभं राहावं आणि आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगावं. जेवणं झाल्यावर आमचे सर्वांत वयस्कर सभासद याकोबकाका हात धुता धुता मला एवढंच म्हणाले, "पास्टर, साक्ष आपली द्यावी. दुसऱ्याची दिली की तिला दुसरं नाव आहे." ते पान त्यांना कसं उमगलं, देव जाणे. कदाचित माझ्या चेहऱ्यावरून.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेलो. दार उघडं होतं. सूप पुढ्यात होतं, पण हात चालत नव्हते. संगीता सकाळच्याच गाडीनं निघून गेली होती.

"या पाश्टर. बसा."

"मी नाव बदललं होतं, वत्सलाबाई."

"नाव बदललं. घागर नाई बदलली."

मी अभ्यासाबद्दल काही बोलू लागलो. दूरच्या लोकांना आपल्या वस्तीची किंमत कळावी, तुमच्या मायेची गोष्ट जगापुढे यावी, असलं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"केस बी तुमचीच, साक्ष बी तुमचीच," त्या म्हणाल्या. "निकाल बी तुमीच देऊन टाकला. मले काही बोलू तं द्यायचं होतं." आणि अगदी हळू, "हळद लावताना सांगनार होती. लय दिवसाचं ठरवून ठेवलं होतं मी. कसं सांगाचं, कोन्ता शब्द पयले."

मग त्या उठल्या आणि चहा ठेवला. त्या चहानं माझी सुटका झाली आणि घातही झाला. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर मी दारात उभा राहून माफी मागितली असती. त्यांनी कपात साखर जास्त घातली आणि रिक्षावाल्याची गोळी आता कोणती चालू आहे ते विचारलं. मी तोही विषय घेतला आणि चहाही घेतला.

धर्मविद्यालयाच्या समितीतल्या एकानं पुढे विचारलं तेव्हा मी सांगितलं, मुलीला आधीच माहीत होतं. हेही खोटं. आणि एक राहिलं. त्यानंतरही बाहेरगावच्या प्रवचनांत ती गोष्ट मी चार-पाच वेळा सांगितली. लोक रडायचे. मला ते आवडायचं. एकदा सुशीला सोबत होती. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही 'हो' म्हणालात ना, मला तेव्हाच कळलं होतं. मीही गप्प बसले." त्यानंतर मी ती गोष्ट कधी सांगितली नाही.

मायलेकींचं काय झालं, तर नातं तुटलं नाही. ते श्रेय माझं नाही. संगीता तीन महिने आली नाही, चिठ्ठी नाही. पुढच्या आखाजीला मात्र सकाळीच दारात उभी. आईच्या हातातून लहान घागर घेतली आणि म्हणाली, "ही मी भरते." बस, एवढंच. वत्सलाबाईंनीच मला हे सांगितलं, हसत. "म्हने, तुह्या हातानं लय वर्सं झाली, आता माह्या हातानं पिऊ दे तिले." लग्न झालं तेव्हा हळद त्यांनीच लावली. सांगायला काही उरलं नव्हतं. नुसतीच लावली.

संगीता नोकरीनिमित्त कामरगावला गेली आणि यथावकाश आईलाही घेऊन गेली. मी निवृत्त झालो. वर्षाकाठी एकदा तरी मी जायचो. कारंज्यापर्यंत एसटी, पुढे जीप. वाटेत एक वाक्य घोकत जायचो. वत्सलाबाई मला नेहमी चिडवायच्या, "तुमी पुस्तकातून बोलता पाश्टर, तोंडातून बोलत जा ना." म्हणून ते वाक्य मी त्यांच्या बोलीत जुळवलं होतं. मंगरूळपीर येईपर्यंत ते अगदी पाठ असायचं. दारात पाऊल टाकलं की त्या विचारायच्या, "कशी हाय तुमची मंडळी? दोन्ही?" आणि हसण्यात वाक्य वाहून जायचं.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या. ऐकू फारच कमी येत होतं. घरात संगीताची सासू, जाऊ, शेजारच्या दोन बाया. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "वत्सलाबाई, एक बोलायचं होतं."

"आं? मोठ्यानं बोला."

मोठ्यानं बोलणं म्हणजे काय, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. संगीताच्या सासरी तोवर कोणालाच काही माहीत नव्हतं. माफी मागायची तर भरल्या घरात ओरडून मागावी लागणार होती, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा एकदा लोकांपुढे, पुन्हा त्यांना न विचारता. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बाई..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी पदर डोक्यावर ओढला, हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांना वाटलं, पाश्टर प्रार्थना करणार. सगळ्या बायांनी हात जोडले.

मी प्रार्थना केली. बकरीवाल्या पाश्टरला तेवढं येतं. त्या खणखणीत आवाजात आमेन म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "लय दूरून येता बापा. आता जपून जा." त्या पावसाळ्याआधीच गेल्या.

हा लेख मी संगीताला वाचून दाखवला. मग छापायला दिला. यातली नावं खरी नाहीत, ती तिनं निवडली आहेत. सासरी तिनं आता स्वतः सांगितलं आहे, स्वतःच्या वेळी, स्वतःच्या शब्दांत. दोन परिच्छेद तिनं काढायला लावले, ते मी काढले. घागरही बदलतो म्हटलं, तर म्हणाली, "घागर राहू द्या काका. ती आता माझी आहे."

यंदा आखाजीला मी कामरगावला होतो. ओट्यावर लहान घागरी दोन होत्या, दोघींच्या गळ्याला हिरवं सूत. संगीतानं तांब्या माझ्या हाती दिला. मी कोणाचीही पूजा केली नाही. तहानलेल्या माणसाला द्यावं तसं पाणी घातलं. संगीता आत गेली होती, ऐकायला कोणी नव्हतं, आणि मंगरूळपीरपर्यंत पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते ज्यांना सांगायचं त्या आता कितीही मोठ्यानं बोललं तरी ऐकणार नव्हत्या. म्हणून ते मी तसंच परत घेऊन आलो. ते असं आहे:

"बाई, माह्यं चुकलं. गोष्ट तुमची होती. मी तुमाले इचारलं नाई."